बीज आणि क्षेत्र

मावळांतील शिरगांव हें जुन्या पुणें-मुंबई रस्त्याजवळचें, सोमाटणें आणि तळेगांव यांच्या शेजारचें गांव. 'प्रतिशिर्डी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या साईमंदिरामुळें अलीकडे तें दूरदूरच्या लोकांस ठाऊक झालें आहे. परंतु ह्या मुलखाची जुनी ओळख म्हणजे भात. आषाढांत खाचरें पाण्यानें भरतात, रोपें उपटून त्यांच्या मुठी बांधल्या जातात आणि गुडघाभर चिखलांत आवणी सुरू होते. ज्या समाजाचें आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या अशा शेताभोंवतीं फिरलें, त्या समाजानें मनुष्यजन्माचें कोडेंहि शेताच्याच भाषेंत सोडविलें, यांत नवल नाहीं. पुरुष हा बीज पेरणारा, स्त्री हें क्षेत्र, आणि अपत्य हें पीक. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत ही उपमा स्पष्टपणें आली असून, बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ, असा वाद घालून बीजाला उत्कृष्ट म्हटलें आहे. ग्रीस देशांत ॲरिस्टॉटलनेंहि निराळें सांगितलें नाहीं. अपत्याला रूप देतो तो पिता, माता केवळ द्रव्य पुरविते, असें त्याचें मत होतें.

उपमा सुटसुटीत आहे, पण ती खोटी आहे; आणि तिच्या खोटेपणाची किंमत आजवर स्त्रियांनीं मोजली आहे. पीक आलें नाहीं कीं शेतकरी जमिनीला नांवें ठेवतो. 'वांझ' हा एकच शब्द जमिनीलाहि लावतात आणि स्त्रीलाहि. पुरुषासाठीं मात्र रोजच्या बोलण्यांत तसा शब्दच नाहीं. 'नपुंसक' हा शब्द आहे, परंतु त्याचा अर्थ वेगळा; सर्व प्रकारें समर्थ असलेल्या पुरुषाच्याहि वीर्यांत बीज नसूं शकतें, ही गोष्ट त्या शब्दांत बसत नाहीं. ज्या गोष्टीला भाषेंत नांव नाहीं ती घरांतल्या कोणाच्या मनांतहि येत नाहीं. मग मूल झालें नाहीं तर सून दोषी, मुलीच झाल्या तरीहि सूनच दोषी. मुंबई प्रांतांत १९४६ च्या कायद्यानें हिंदु पुरुषाला पत्नी असतांना दुसरा विवाह करण्याची बंदी झाली. तोंपर्यंत 'हिला मूल नाहीं' हें सवत आणण्याचें सर्वमान्य कारण होतें. म्हणून मनुष्याच्या जननेंद्रियांची रचना कशी आहे आणि त्यांचें कार्य कसें चालतें, हें समजून घेणें हा केवळ शास्त्राचा विषय नाहीं. तो घराघरांतील न्यायाचाहि विषय आहे.

मौज अशी कीं, ज्या भातावरून ही उपमा घेतली तें भातच तिला खोटें पाडतें. लोंबी बाहेर पडल्यावर सकाळच्या वेळीं निरखून पाहिलें तर दाण्याच्या जागीं एक चिमुकलें फूल उमललेलें दिसतें. त्यांत ६ पुंकेसर असतात आणि मध्यें पिसासारखे दोन तुरे मिरविणारा स्त्रीकेसर असतो. पराग तुऱ्यावर पडतो, त्याची सूक्ष्म नळी आंत उतरते, आंतल्या स्त्रीबीजाशीं मिलाफ होतो आणि मगच दाणा भरूं लागतो. म्हणजे शेतकऱ्याच्या मुठींत जें बीं असतें, तें केवळ पित्याचें नसतें; माता आणि पिता दोघेंहि त्यांत अगोदरच सामावलेलीं असतात. जमीन ही त्या दोघांपैकीं कोणीच नव्हे.

शिरगांवाहून फार दूर नसलेल्या वडगांव मावळ येथील कृषि संशोधन केंद्रांत 'आंबेमोहर १५७' आणि 'आय. आर. ८' ह्या दोन जातींचा संकर करून 'इंद्रायणी' हें वाण तयार झालें व १९८७ सालीं शेतकऱ्यांच्या हातीं आलें. असा संकर करावयाचा तर एका जातीचें फूल उमलण्यापूर्वीं त्यांतील साही पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि मग त्याच्या स्त्रीकेसरावर दुसऱ्या जातीचा पराग सोडावा लागतो. जो भात पुण्यामुंबईच्या घरोघरीं आवडीनें खाल्ला जातो, त्याच्या दाण्यांत दोन कुळांचा वारसा आहे. हा सुवास बापाचा आणि बाकीचें सारें मातीचें, असें कोणी म्हणत नाहीं. मनुष्याच्या बाबतींत मात्र नेमकें तसेंच म्हटलें गेलें.

ह्या चुकीला एक कारणहि होतें. पुरुषाचें वीर्य डोळ्यांना दिसतें, स्त्रीचें बीज दिसत नाहीं. हॉलंडमधील लेव्हेनहुक यानें १६७७ सालीं सूक्ष्मदर्शकांतून वीर्यांतील वळवळणारीं पुंबीजें पाहिलीं. स्त्रीबीज मात्र १८२७ सालीं फॉन बेअर यास दिसलें. मध्यें १५० वर्षें गेलीं. तेवढ्या काळांत पुंबीजाच्या डोक्यांत संपूर्ण मनुष्य सूक्ष्म रूपानें बसलेला असतो, असें मानणारे पंडित युरोपांतहि निघाले. पुढें १८७५ च्या सुमारास ऑस्कर हर्टविग यानें समुद्रांतील एका लहान प्राण्याच्या अंड्यांत दोन बीजांचीं केंद्रें एकमेकांत मिसळतांना पाहिलीं, आणि अपत्यांत दोघांचाहि भाग असतो हें निर्विवाद ठरलें.

आतां प्रत्यक्ष रचनेकडे वळावयाचें. पुरुषाचे दोन वृषण शरीराच्या पोकळींत न राहतां बाहेरच्या पिशवींत असतात, तें निष्कारण नव्हे. पुंबीजें तयार होण्यास शरीराच्या उष्णतेपेक्षां २-३ अंश कमी उष्णता लागते. वृषणाच्या आंत दोऱ्यासारख्या बारीक नळ्यांचीं वेटोळीं असतात. तीं उलगडलीं तर शेंकडों फूट लांबी भरेल. ह्या नळ्यांच्या भिंतींत पुंबीजें घडतात. एक पुंबीज घडून तयार व्हावयास सुमारें ७० दिवस लागतात. म्हणूनच मोठ्या तापाचा परिणाम पुढें दोन-अडीच महिने वीर्याच्या तपासणींत दिसूं शकतो. तेथून पुंबीजें वृषणाला चिकटलेल्या एका नागमोडी नळींत जातात. ती नळी उलगडल्यास जवळजवळ २० फूट भरते. तींत कांहीं दिवस राहिल्यावर पुंबीजांना पोहण्याचें बळ येतें. पुढें शुक्रवाहिनी त्यांना वर नेते, वाटेंत शुक्राशयांचा व प्रोस्टेट ग्रंथीचा रस मिसळतो, आणि मूत्रमार्गानें वीर्य शिश्नावाटे बाहेर पडतें. वीर्याचा बहुतेक भाग हा रसच असतो. पुंबीजें संख्येनें कोट्यवधि असलीं तरी आकारानें अत्यल्प.

वृषणांचें दुसरेंहि एक कार्य आहे. नळ्यांच्या मधल्या पेशींत एक रस तयार होऊन तो थेट रक्तांत मिसळतो. दाढीमिशा, घोगरा आवाज, स्नायूंचें बळ, कामेच्छा हीं त्या रसाचीं कार्यें. त्याची वाट शुक्रवाहिनींतून जात नाहीं. ह्यावरून दोन गैरसमज आपोआप दूर होतात. पुरुषाच्या नसबंदींत केवळ शुक्रवाहिनी तोडून बांधतात, रक्तांत जाणाऱ्या रसाला धक्काहि लागत नाहीं. तेव्हां नसबंदीनें पुरुषत्व जातें ही भीति निराधार आहे. तसेंच वीर्य म्हणजे आटवलेलें रक्त, तें गेलें कीं आयुष्य गेलें, ह्या समजुतीनें शेंकडों तरुण झुरत बसतात. वीर्य रक्त आटून होत नाहीं आणि तें निर्माण होण्याचें काम वयांत आल्यापासून अखंड चालूच असतें.

स्त्रीचीं जननेंद्रियें बहुतेक आंत, ओटीपोटांत सुरक्षित असतात. गर्भाशयाच्या दोहों बाजूंस बदामाएवढे दोन बीजकोश असतात. पुरुषाचीं बीजें रोज नवीं घडतात, स्त्रीचीं तशीं नाहींत. मुलगी आईच्या पोटांत असतांनाच तिचीं सर्व बीजें घडून जातात. जन्माच्या वेळीं तीं १० ते २० लाख असतात, वयांत येईपर्यंत तीनचार लाख उरतात, आणि साऱ्या आयुष्यांत परिपक्व होऊन बाहेर पडतात तीं अवघीं चारपांचशें. येथें एक विलक्षण गोष्ट ध्यानांत येते. आज जन्मलेल्या नातवाचें जें स्त्रीबीज, तें त्याच्या आईच्या आईच्या उदरांत घडलेलें असतें. ज्याला केवळ क्षेत्र म्हटलें, त्या क्षेत्रांत पुढील पिढीचें बीज अशा रीतीनें जपून ठेवलेलें असतें.

दर महिन्यास मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीच्या आज्ञेनें बहुधा एक बीज पिकतें. तें बीजकोशांतून बाहेर पडलें कीं बीजवाहिनीचें झालरीसारखें तोंड त्याला आंत घेतें. ही वाहिनी चार-साडेचार इंच लांबीची असून तिचें दुसरें टोक गर्भाशयांत उघडतें. गर्भाशय हें उलट्या धरलेल्या पेरूच्या आकाराचें, सुमारें तीन इंच लांबीचें स्नायूंचें इंद्रिय आहे. त्याचें मुख खालीं योनिमार्गांत उघडतें. बीज पिकत असतां बीजकोशांतून जे रस रक्तांत जातात, त्यांमुळें गर्भाशयाचें आंतलें अस्तर जाड व रक्तानें समृद्ध होतें. गर्भ राहिला नाहीं तर त्या रसांचा पुरवठा थांबतो, अस्तर सुटतें आणि थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतें. हाच ऋतुस्राव. येणाऱ्या जिवासाठीं केलेली तयारी ह्या वेळेस उपयोगी पडली नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. त्यांत शरीरांतील घाण नसते, विष नसतें, कीं शिवल्यानें कांहीं बिघडत नाहीं. दोन पाळ्यांतील अंतर २१ पासून ३५ दिवसांपर्यंत असणें स्वाभाविक आहे.

बाहेर पडलेलें स्त्रीबीज फार तर एक दिवस जगतें. पुंबीजें स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत टिकूं शकतात. कोट्यवधींपैकीं कांहीं शेंकडेच बीजवाहिनीपर्यंत पोहोंचतात आणि त्यांतील एक स्त्रीबीजांत शिरतें. मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, हें १९५६ सालीं नक्की झालें. त्यांतील २३ आईकडून व २३ बापाकडून येतात. वांटणी अशी बरोबरीची आहे. शिवाय स्त्रीबीजाच्या मोठ्या पेशींत पहिल्या दिवसांची शिदोरी असते, आणि प्रत्येक पेशीला शक्ति पुरविणाऱ्या सूत्रकणिका तर केवळ आईकडूनच मिळतात. बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र, ह्या जुन्या वादाचा निकाल असा लागतो: बीज दोघांचें अर्धें-अर्धें, आणि क्षेत्र स्त्रीचें एकटीचें.

मुलगा कीं मुलगी, हेंहि त्याच क्षणीं ठरतें. स्त्रीबीजांत नेहमीं 'एक्स' हें गुणसूत्र असतें. पुंबीजांपैकीं निम्म्यांत 'एक्स', निम्म्यांत 'वाय'. 'वाय' असलेलें पुंबीज मिळालें तर मुलगा, 'एक्स' असलेलें मिळालें तर मुलगी. हें तत्त्व १९०५ सालीं नेटी स्टीव्हन्स ह्या अमेरिकन विदुषीनें एका किड्याच्या अभ्यासावरून मांडलें. तेव्हां मुलगी झाल्याबद्दल सुनेला बोल लावण्यास शास्त्रांत कसलाहि आधार नाहीं. बापाला बोल लावण्यासहि नाहीं, कारण कोणतें पुंबीज पुढें जावें हें त्याच्या इच्छेवर नाहीं. आणि एकदां मिलाफ झाल्यावर तिसऱ्या महिन्यांत घेतलेलें कोणतेंहि औषध ती निवड फिरवूं शकत नाहीं. जें औषधानें साधलें नाहीं तें पुढें गर्भलिंगपरीक्षेनें साधूं पाहण्यांत आलें. त्याविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं, इतर सर्व राज्यांच्या आधीं, कायदा केला. १९९४ सालीं देशाचा कायदा झाला. तरीहि सहा वर्षांखालील मुलांच्या जनगणनेंत महाराष्ट्रांत दर १००० मुलग्यांमागें २००१ सालीं ९१३ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ उरल्या. कायदा पुस्तकांत राहतो, उपमा मनांत राहते.

मिलाफानंतर सुमारें सहासात दिवसांनीं गर्भ गर्भाशयाच्या अस्तरांत रुजतो. आई व बाळ यांच्यामध्यें वार तयार होते. तिच्यांत दोघांचीं रक्तें अगदीं जवळून वाहतात, परंतु सहसा मिसळत नाहींत. प्राणवायु व अन्न इकडून तिकडे, आणि टाकाऊ पदार्थ तिकडून इकडे जातात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुमारें २८० दिवसांनीं प्रसूति होते. तोंपर्यंत मूळचें ५०-६० ग्रॅमचें गर्भाशय एक किलोच्या आसपास वाढलेलें असतें. मातीला रोपासाठीं असें वाढावें लागत नाहीं.

मग मूल होत नाहीं तें कोणामुळें? मूल न होणाऱ्या सुमारें निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीनें, आढळतो. वयांत आल्यावर झालेल्या गालगुंडानें वृषण सुजणें, वृषणाच्या शिरा फुगणें, शुक्रवाहिनी बंद असणें, अशीं कारणें त्यांत असतात. स्त्रीच्या बाजूनें बीज न पिकणें, किंवा बीजवाहिन्या बुजणें. आपल्या देशांत क्षयरोग हें वाहिन्या बुजण्याचें एक मोठें कारण आहे. पुरुषाची तपासणी सोपी, स्वस्त आणि वेदनारहित असते. स्त्रीच्या कित्येक तपासण्या त्रासाच्या असतात. असें असतां पहिल्यानें आणि पुष्कळदां एकटीच तपासली जाते ती स्त्री. देवापुढें हात जोडणाऱ्यांच्या श्रद्धेविषयीं कोणीं वाद घालूं नये. परंतु देवळाच्या पायऱ्या दोघांनीं मिळून चढावयाच्या आणि दवाखान्याच्या पायऱ्या तिनें एकटीनें, हें बरें नव्हे.

हें ज्ञान मराठींत उघडपणें सांगण्याची किंमत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं दिली. ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईस संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि ह्याच कार्यापायीं १९२५ सालीं विल्सन कॉलेजमधील नोकरीस मुकले. जुलै १९२७ पासून त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' हें मासिक चालविलें. वाचकांच्या प्रश्नांस सरळ उत्तरें दिलीं म्हणून १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्यांची बाजू मांडली. लैंगिक विषयावरील प्रश्न विचारणें व त्याचें उत्तर देणें हा गुन्हा होऊं शकत नाहीं, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. खटला हरला, दंड झाला. मासिक मात्र १९५३ सालीं कर्व्यांच्या निधनापर्यंत चालत राहिलें.

त्यानंतरच्या दोन घटनांनीं बीज आणि क्षेत्र यांचा भेद डोळ्यांपुढें आणून ठेवला. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं, शरीराबाहेर कांचपात्रांत दोन बीजांचा मिलाफ होऊन रुजविलेली मुलगी जन्मली. पुढें मे २०१७ मध्यें पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयांत डॉ. शैलेश पुणतांबेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आईचें गर्भाशय लेकीच्या शरीरांत बसविलें, आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें अशाच एका लेकीला मुलगी झाली. ज्या गर्भाशयांत माता वाढली, त्यांतच तिची कन्या वाढली. तरी ती कन्या आजीची झाली नाहीं. जिच्या बीजापासून ती झाली, तिचीच ती झाली.

शास्त्र एकीकडे असें पुढें गेलें असतां दुसरीकडे बीड जिल्ह्याची हकीकत आहे. २०१९ सालीं तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीच्या तक्रारी, कष्टाचें काम, बुडणारी मजुरी, अंगावरून जाण्याची भीति, आणि 'मुलें झालीं, आतां पिशवीचें काय काम?' हा प्रश्न. ज्या इंद्रियाला केवळ क्षेत्र मानलें, तें पीक निघाल्यावर टाकून देण्यासारखेंच वाटतें. कर्करोगासारख्या कारणासाठीं गर्भाशय काढणें योग्यच असतें. परंतु त्याबरोबर बीजकोशहि काढले तर तरुण वयांतच पाळी जाण्याचे सारे परिणाम अंगावर येतात. हाडें ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. पिशवी काढण्यापूर्वीं दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेणें, आणि बीजकोश राहणार कीं जाणार हें विचारणें, एवढें तरी प्रत्येक घरानें करावें.

सुशिक्षित घरांतून ह्या विषयावर अजूनहि आवाज खालीं येतो. मुलीला पाळीची माहिती मैत्रिणीकडून मिळते, मुलाला स्वतःच्या शरीराची माहिती कोठून मिळते तें न विचारलेलेंच बरें. आईनें दहाव्या वर्षाच्या सुमारास मुलीस, आणि बापानें त्याच सुमारास मुलास, पचनेंद्रियांची माहिती सांगावी तितक्याच सहजपणें ही माहिती सांगावी. मुलास बहिणीच्या शरीराची व मुलीस भावाच्या शरीराची माहितीहि असावी. लग्न झाल्यावर वर्षभरांत मूल राहिलें नाहीं, आणि पत्नीचें वय पस्तिशीपुढें असल्यास सहा महिन्यांत राहिलें नाहीं, तर पतिपत्नींनीं एकाच दिवशीं वैद्याकडे जावें, आणि पहिली तपासणी पुरुषाची व्हावी.

आषाढांत शिरगांवच्या खाचरांत पुन्हां आवणी होईल, आश्विनांत लोंब्या वांकतील. त्या शेतांतून जाणाऱ्या शहरवासीयानें एक लोंबी हातीं घेऊन आपल्या मुलांना तिचें फूल दाखवावें. दाण्याच्या पोटांत माता आणि पिता दोघेंहि आहेत, हें मुलांनीं एकदां पाहिलें कीं 'वांझ' हा शब्द त्यांच्या तोंडीं सहजीं येणार नाहीं.